विंचवाचं बिऱ्हाड आणि गोव्याची ओल: गाडीत राहायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

गाडीत राहायचं मनावर घेतलं की माणूस पहिली खरेदी करतो ती बॅटरीची. गोव्यात ती शेवटची असावी. इथे अंधारामुळे कुणाचं बिऱ्हाड मोडत नाही. ते मोडतं ओलीमुळे, डासांमुळे आणि ‘रात्री गाडी लावायची कुठे’ या प्रश्नामुळे. म्हणून खालचा क्रम मुद्दाम तसा लावला आहे: आधी गाडी, मग झोप आणि वारा, मग पाणी, संडास, चूल, आणि वीज त्यानंतर. हा क्रम उलटा केलात तर डिकीत महागडा इन्व्हर्टर असेल आणि गादीला मात्र काळी बुरशी.

सुरुवात नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. हवा कोरडी असते, रात्री पंख्याशिवायही झोप लागते. एप्रिल-मेच्या दमट रात्रीत केलेला पहिला प्रयत्न हाच बहुतेकांचा शेवटचा ठरतो. पहिला पावसाळा गाडीत काढायचा विचार सध्या बाजूला ठेवा.

कुठल्या गाडीपासून सुरुवात करावी

दुचाकी आणि तंबू. सगळ्यात स्वस्त, आणि पोर्तुगीज काळातल्या अरुंद वाड्यांमधून कुठेही जाते. तंबू दुहेरी हवा: आत पूर्ण जाळीचा, वर वेगळं पावसाचं कापड, त्या कापडाचं रेटिंग निदान ३००० मिमी. एकेरी कापडाच्या स्वस्त तंबूत पाऊस नसतानाही सकाळी छतावरून थेंब पडतात, कारण श्वासाची वाफ बाहेर जायला वाटच नसते. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, खुंट्या आत जातच नाहीत, वाकतात. तिथे दोरी दगडाला गुंडाळून त्यावर दुसरा दगड ठेवायचा. रेतीत खुंटी उभी ठोकली तर उपटून येते. दोरीला कापडी पिशवी बांधा, पिशवीत रेती भरा आणि ती फूटभर खोल पुरा.

नेहमीची छोटी कार. नवख्यांना हीच सुचवावी, कारण ती बहुधा घरी असतेच. पुढची डावी सीट पूर्ण पुढे सरकवून मागची सीट आडवी पाडली की एकट्याला लांबी मिळते. मधली पायरी भरून काढायला १२ मिमीचा, आयएस ७१० शिक्क्याचा (पाण्यात टिकणारा) प्लाय दोन तुकड्यांत कापून बिजागरीने जोडा. साधा कमर्शियल प्लाय गोव्यात एका पावसाळ्यात कडेने फुगतो आणि त्याचे थर सुटतात.

ईको किंवा जुनी ओम्नी. दोघांसाठी योग्य. सरकते दरवाजे, सपाट फरशी, कुठल्याही गावच्या गॅरेजात दुरुस्ती. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे, म्हणून लांबचा पल्ला मारून आल्यावर पुढची फरशी तासभर तापलेली राहते. डोकं मागच्या दाराकडे करून झोपा. सीएनजी मॉडेलमध्ये मागची जागा टाकीने खाल्लेली असते. घेण्याआधी टेपने मोजा, जाहिरातीतल्या फोटोवर जाऊ नका.

टेम्पो ट्रॅव्हलर. उभं राहता येतं, खरं घर होतं. पण पहिली गाडी म्हणून नको. आतल्या गावांत समोरून बस आली की मागे घ्यायला जागा नसते. फेरीबोटीवर ओहोटीच्या वेळी धक्का आणि बोटीची पाटी यांचा कोन तीव्र होतो. मागे लांब लोंबणारी गाडी तिथे हमखास घासते. रायबंदर–चोडण किंवा केरी–तेरेखोल पार करायचं असेल तर भरती कधी आहे ते बघून जावं.

कायद्याची एक गोष्ट आताच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या गाडीत परवानगीशिवाय मूळ बदल करता येत नाही. सीट काढून टाकणं, छप्पर कापणं, कायमचा ओटा बोल्टने बसवणं हे सगळं त्यात येऊ शकतं. म्हणून पहिलं वर्षभर सगळं सामान सुटं ठेवा: पट्ट्याने बांधलेलं, दहा मिनिटांत उतरवता येणारं. भाड्याच्या गाडीला तर एक स्क्रूसुद्धा लावू नका.

पहिल्या तीन रात्री अंगणात

काही विकत घेण्याआधी गाडी घरच्या अंगणात लावा आणि तीन रात्री तिच्यात झोपा. सोबत गादी, मच्छरदाणी, टॉर्च आणि दहा लिटर पाणी, एवढंच. घरातलं संडास वापरायचं नाही असं ठरवलंत तर परीक्षा खरी होते. वहीत तीन गोष्टी टिपा: उकाड्याने किती वाजता जाग आली, सकाळी काचांवर आतून पाणी होतं का, आणि दहा लिटरपैकी किती उरलं. तुमची गाडी कशी करायची हे ही तीन उत्तरं ठरवतात. दुसऱ्याची गाडी बघून यादी करू नका.

झोप आणि वारा

दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात साधारण अर्धा-पाऊण लिटर पाणी बाहेर पडतं. काचा बंद असतील तर ते पाणी थंड पत्र्यावर जमतं, ओघळून गादीखाली जातं आणि तिथेच राहतं. गोव्याच्या हवेत ते दिवसा सुकत नाही. गादी उचलून बघेपर्यंत खालची बाजू काळी पडलेली असते.

उपाय दोन. पहिला, गादी फळीवर थेट ठेवू नका. फळीला १५ सेंमी अंतरावर ३५ मिमीची भोकं पाडा, किंवा फळीऐवजी चार बोटांची फट सोडून पट्ट्या ठोका. गादी ३२ घनतेच्या फोमची, ७५ ते १०० मिमी जाड, तीन तुकड्यांत. तीन तुकडे अशासाठी की एकट्याला ते उचलून उन्हात टाकता येतात. दर दोन दिवसांनी टाकायचेच. रबर-काथ्याची गादी टाळा, ती पाणी धरून ठेवते.

दुसरा उपाय वाऱ्याचा. हवा एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जायला हवी. एका बाजूची काच तीन बोटं खाली, तिला जाळी. समोरच्या बाजूच्या काचेच्या वरच्या फटीत १२ व्होल्टचा १२० मिमी पंखा, संगणकात असतो तो, हवा बाहेर फेकणारा. तो २-३ वॉट खातो, रात्रभर चालला तरी बॅटरीला कळत नाही. काचांवर पावसाची पट्टी बसवा, म्हणजे सरीतही फट उघडी ठेवता येते. अंगावर वारा घ्यायला वेगळा छोटा पंखा हवा, पण काचा कोरड्या राहतात त्या या बाहेर फेकणाऱ्या पंख्यामुळे.

जाळी दाराच्या चौकटीपेक्षा चार बोटं मोठी कापा आणि कडेला चुंबकाची पट्टी शिवा. खाडीकाठी संध्याकाळी जे चावतात ते डासांहून बारीक असतात, साध्या जाळीतून आत येतात. तिथे बारीक विणीची जाळी लागते. बारीक जाळीने वारा अडतो, म्हणून ती फक्त खाडीकाठी लावायची आणि एरवी गुंडाळून ठेवायची.

खाटेखाली खोके करायचे असतील तर उंची अशी काढा. फरशीपासून छतापर्यंत मोजा, त्यातून बसायला ९० सेंमी आणि गादीचे १० सेंमी वजा करा, उरेल ती खोक्याची उंची. समजा आतली उंची १२५ निघाली, तर खोकं २५ सेंमीचं. सामान जास्त मावावं म्हणून खोकं ४० चं केलं की आठवड्याभरात मान आणि स्वभाव दोन्ही वाकडे होतात.

पाणी

माणशी रोज: प्यायला आणि स्वयंपाकाला ४ लिटर, भांडी-हातपाय ६, अंघोळ ८. म्हणजे १८. अंघोळ बाहेर कुठे झाली तर १०. दोघांना दोन दिवस ४० लिटर, म्हणजे वीस लिटरचे दोन कॅन आणि चाळीस किलो वजन. कॅन मागच्या ॲक्सलच्या पुढे, खाली, दोन्ही बाजूंना एकेक ठेवा. एकाच बाजूला दोन्ही ठेवले तर चोर्ला घाटाच्या वळणांवर गाडी त्या बाजूला झुकलेली जाणवते.

कॅन अपारदर्शक घ्या. पारदर्शक कॅनमध्ये आठवड्यात शेवाळ धरतं. तोंड एवढं मोठं हवं की हात आत घालून घासता येईल. पिण्याचा कॅन वेगळा, त्याला लाल फीत बांधा आणि त्यात फक्त गाळून-उकळलेलं पाणी भरा. झर कितीही स्वच्छ दिसली तरी तिचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका, वर गुरं असतात. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, तेव्हा डोंगराकडच्या गावांतून भरून घ्या. विहीर कुणाची तरी असते. विचारूनच भरा, आणि कळशी परत ठेवायची ती पालथी.

संडास

याच्यावर कुणी बोलत नाही आणि इथेच बिऱ्हाड उधळतं. ‘कुठेतरी जाऊ’ हे उत्तर गोव्यात चालत नाही. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात विहिरीची पातळी हाताला लागेल इतकी वर येते. सड्यावर पुरलेलं शेजारच्या वाड्याच्या विहिरीत उतरतं.

सोपा पर्याय म्हणजे दोन टाक्यांचं पोर्टेबल संडास. वरच्या टाकीत पाणी, खालची टाकी सुटून येते. ती दोन-तीन दिवसांनी कुठल्याही चालू फ्लशच्या संडासात, परवानगीने, रिकामी करायची. दुसरा पर्याय कोरडा: वीस लिटरची झाकणाची बादली आणि काथ्याचा भुसा. अशा भुशाची (कोकोपीटची) ६५० ग्रॅमची वीट पाण्यात भिजवली की आठ-नऊ लिटर होते. पण बादलीसाठी ती भिजवायची नाही, कोरडीच चुरायची. प्रत्येक वेळी दोन मुठी वरून. लघवी या बादलीत पडू द्यायची नाही, तिला वेगळी बाटली. वास येतो तो दोन्ही एकत्र झाल्याने. नेमका हाच नियम नवखे मोडतात आणि मग भुशाला दोष देतात. भरलेली बादली कंपोस्टसाठी ज्या बागायतदाराने हो म्हटलं आहे त्याच्याकडेच रिकामी करा, आणि तो खड्डा वर्षभर भाजीला वापरायचा नाही हेही त्याला सांगा.

चूल आणि फ्रिजशिवाय जेवण

पाच किलोचं सिलिंडर, एक बर्नर, आयएसआय शिक्क्याची नारिंगी सुरक्षा नळी. बर्नर ताशी साधारण १५० ते २०० ग्रॅम गॅस खातो. दोघांचा दिवसाला तासभर वापर धरला तर सिलिंडर जवळजवळ महिना जातं. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर फरशीवर साचतो, आणि झोपणाऱ्याचं नाक तिथेच असतं. म्हणून स्वयंपाक मागचं दार वर करून, गाडीबाहेर. रात्री रेग्युलेटर काढून टोपी लावायची. जोडणी केल्यावर दर वेळी साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. मोठ्या सिलिंडरमधून छोट्या डब्यात गॅस भरून देणारे भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आणि हे सगळं खाजगी जागेत. गोव्यात पर्यटन स्थळांच्या संरक्षणाचा २००१ चा कायदा आहे, त्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन अशा जागी उघड्यावर स्वयंपाक करणं आणि दारू पिणं दंडनीय झालं. किनाऱ्यावर शेगडी मांडली तर पोलीस येतात आणि सामान उचलतात.

फ्रिजची ओढ सगळ्यांना असते. पण आपल्याकडे पावसाळ्याआधी पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याचा शिधा, भरायची जी रीत आहे, ती फ्रिजशिवाय चार महिने जगण्याचीच विद्या आहे. उकडे तांदूळ, सोलां (आमसुलं), सुकं खारं (खारवलेली सुकी मासळी), मिस्कूट (कैरीचं लोणचं), वाळवलेल्या मिरच्या, नारळ. पाव रोज सकाळ-संध्याकाळ पोदेर (पाववाला) सायकलवरून आणतो, त्याच्या भोंप्याची वेळ कळली की ब्रेड साठवायची गरज नाही. ताजी मासळी घ्यायची ती त्याच वेळी शिजवण्यापुरती.

उकड्या तांदळाची पेज गॅस खाते ही तक्रार खरी आहे, पण त्यावर तोड आहे. वाटीभर तांदूळ रात्री भिजत घाला. सकाळी सहापट पाण्यात जाड बुडाच्या डब्यात दहा मिनिटं खळखळून उकळवा, झाकण घट्ट बसवा, आणि डबा जुन्या रजईत गुंडाळून खोक्यात ठेवून द्या. दोन तासांनी, पेजेच्या वेळेला, दाणा फुललेला असतो. गॅस एरवीच्या निम्म्याहून कमी लागतो आणि गाडी तेवढ्यात पुढच्या गावी पोचलेली असते.

आता वीज

आधी बेरीज करा. अंगावरचा पंखा २० वॉट × ९ तास = १८०. बाहेर फेकणारा पंखा ३ × १० = ३०. दोन दिवे मिळून ५ × ४ = २०. दोन फोन ३०. लॅपटॉप ५० × ३ = १५०. झाले ४१० वॉट-तास. यात ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज घातला तर गोव्याच्या उष्णतेत तो एकटाच रोज ४५० ते ५५० खातो. म्हणजे फ्रिज आला की यंत्रणा दुप्पट. फ्रिजशिवाय सुरुवात करा असं म्हणण्यामागे एवढंच गणित आहे.

आठवड्याच्या सुट्टीपुरतं राहणाऱ्यांनी वायरिंग करूच नये. ५०० वॉट-तासांच्या आसपासचं तयार पॉवर स्टेशन, म्हणजे बॅटरी आणि इन्व्हर्टर एकत्र असलेली पेटी, घ्या. घेताना तीन गोष्टी बघा: आत लिथियम फेरो फॉस्फेट सेल आहेत का, सौर इनपुट निदान १०० वॉट आहे का, आणि १२ व्होल्टचा थेट आउटपुट आहे का.

महिनाभर राहायचं असेल तर १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी. गुणाकार १२८०, त्यातले अकराशेच्या आसपास वापरायला मिळतात, वजन बारा-तेरा किलो. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी स्वस्तात मिळते म्हणून गाडीत टाकू नका. ती अर्धीच वापरता येते, पन्नास किलोच्या पुढे असते आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते. बंद गाडीत, उशाशी, तो नको. लिथियम बॅटरीला उलट भीती उष्णतेची. ४५ अंशांच्या वर तिला चार्ज करणं तिचं आयुष्य खातं आणि उन्हातली बंद गाडी त्याच्या बरीच वर जाते. तिला काचेजवळ नव्हे, फरशीलगत सावलीत बसवा.

सौर पॅनल १००-१०० वॉटचे दोन, काचेचे, टपावरच्या कॅरिअरवर, खाली इंचभर हवा खेळेल असे. पत्र्याला चिकटवायचे लवचिक पॅनल दिसायला छान, पण खालून तापतात आणि लवकर मान टाकतात. गोवा साधारण १५ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे आडवा पॅनल इथे फार नुकसान करत नाही, तिरपं करायच्या यंत्रणेवर पैसे घालवू नका. डिसेंबरात २०० वॉट × ५ तास × ०.७ = ७०० वॉट-तास धरा. ते ०.७ म्हणजे उष्णता, धूळ आणि वायरीतली गळती. जुलैत ४०० मिळाले तरी नशीब. दिवसभर झड लागली तर १०० ते १५०.

दोन पॅनल सिरीजमध्ये (एकामागे एक) जोडावेत की समांतर (शेजारी-शेजारी)? मोकळ्या माळावर सिरीज चांगली. इथे माडांच्या राज्यात समांतर जोडा. एका झावळीची सावली एका पॅनलवर पडली की सिरीजमध्ये दोघांचाही प्रवाह घसरतो, समांतरमध्ये दुसरा आपलं काम करत राहतो. समांतरमध्ये प्रवाह अकरा अँपिअरपर्यंत जातो, त्यामुळे वायर ४ चौरस मिमीची. कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीला जुळवून देणारा डबा, एमपीपीटी प्रकारचा (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा), १५ ते २० अँपिअरचा.

जोडणीचा क्रम पाठ करा. कंट्रोलर आधी बॅटरीला जोडायचा, मग पॅनल. काढताना आधी पॅनल, मग बॅटरी. उलट केलंत तर पॅनलचा पूर्ण व्होल्टेज बॅटरीच्या आधाराशिवाय कंट्रोलरवर येतो आणि स्वस्त कंट्रोलर तिथेच जातो. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात मुख्य फ्यूज हवाच. ३०० वॉटचा इन्व्हर्टर साधारण ३० अँपिअर ओढतो, त्याला ४० अँपिअरचा फ्यूज आणि १० चौरस मिमीची वायर. पंखा-दिव्यांना १.५ चौरस मिमी आणि प्रत्येकाला ५ अँपिअरचा वेगळा फ्यूज. फ्यूज वायरीला वाचवतो, पंख्याला नाही. ‘सारखा उडतो’ म्हणून मोठा फ्यूज घातला की पुढचं जळतं ते वायरचं आवरण.

वायरचं टोक कसं करायचं ते नीट बघा, कारण किनाऱ्यालगत नव्वद टक्के भानगड इथेच असते. साधी तांब्याची वायर सोलून स्क्रूखाली दाबली की दोन महिन्यांत ती हिरवी पडते, आणि ती हिरवी कीड आवरणाच्या आतून चढत जाते. बाहेरून वायर ठणठणीत, आत भुसा. त्यामुळे कथिल चढवलेली वायर घ्या, बोटी दुरुस्त करणाऱ्यांकडे ती मिळते. लगच्या (वायरीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोपीच्या) खोलीएवढंच टोक सोला, एकही तार तुटू देऊ नका, लगमध्ये घाला, पकडीने नव्हे तर क्रिंपिंग टूलने दाबा, मग जोर लावून ओढून बघा. सुटली तर पुन्हा करा. वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक (तापल्यावर आवळणारी) नळी चढवा आणि ती तापवा, कडेने गोंदाचा थेंब बाहेर आला की पाणी आत जायची वाट बंद झाली. बोल्टवर शेवटी पेट्रोलियम जेली. पॅनलच्या ॲल्युमिनियम चौकटीला स्टीलचा बोल्ट लावताना मध्ये नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर खाऱ्या हवेत दोन धातूंच्या मध्ये ॲल्युमिनियम कुरतडला जातो.

गाडीच्या अल्टरनेटरवरूनही (इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या यंत्रावरून) चार्ज करता येतं, पण मध्ये २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर हवा. रिकामी लिथियम बॅटरी थेट जोडली तर ती मिळेल तेवढा प्रवाह ओढते आणि अल्टरनेटर तापून जातो. २० अँपिअरने पणजी ते काणकोण या दोन तासांच्या प्रवासात पाचशे वॉट-तास बॅटरीत पडतात. आभाळ भरलेलं असताना सौर पॅनल जे दिवसभरात देत नाही ते हे.

रात्री गाडी कुठे लावायची

किनाऱ्यावर गाडी उतरवायची नाही. त्यावर बंदी आहे, गुन्हा नोंद होतो, आणि भरती आली की ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात. तिथे किनाऱ्यालगत मुक्काम असला तर समुद्राच्या बाजूचे दिवे पूर्ण बंद ठेवा, उजेडाने पिल्लं भलत्या दिशेला जातात.

म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला या अभयारण्यांत वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेताच्या, बांधावरही नको. बांध मातीचा असतो, चाकाने खचतो, आणि शेतकऱ्याचं अख्खं शेत खाऱ्या पाण्याखाली जातं.

चालतं ते असं. फोंडा, सांगे, केपे, काणकोणकडच्या कुळागरवाल्यांना (सुपारी-नारळाच्या बागायतदारांना) विचारा, बरेच जण पाहुणे ठेवतात आणि अंगणात गाडी लावायला, विहिरीचं पाणी आणि न्हाणीघर वापरायला थोडे पैसे घेऊन हो म्हणतात. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे अशा मोठ्या देवस्थानांत भाविकांसाठी अग्रशाळा (राहायच्या खोल्या) असतात. चार रात्री गाडीत काढल्यावर एक रात्र तिथे खोली घेतली की कपडे, अंघोळ, चार्जिंग सगळं मार्गी लागतं. तिथे मांस-दारू गाडीतही नको. अनोळखी गावात उजेड असतानाच पोचा आणि भाटकाराला (जमीनमालकाला) किंवा दुकानदाराला सांगून ठेवा. काळोखात आलेली अनोळखी गाडी आणि दुपारी विचारून गेलेली गाडी, यांकडे गाव वेगवेगळ्या नजरेने बघतं.

माडाखाली गाडी लावू नका. नारळ टप फोडतो, झावळ पॅनल फोडते. दुसरी जागाच नसेल तर पाडेली (नारळ पाडणारा) हल्लीच येऊन गेला का ते विचारा.

सत्तरीच्या रानालगत राहायचं तर माकडतापाची माहिती हवी. २०१५ पासून त्या तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडांमुळे पसरतो आणि डिसेंबर ते मे या कोरड्या दिवसांत जास्त असतो. पाचोळ्यावर बसू नका, पँट मोज्यात खोचा, संध्याकाळी कपडे झटकून अंग तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा.

पावसाळा

दोन हंगाम झाल्यावर पावसाळ्याचा विचार करा, तोही आधी चार दिवसांचा. गाडी लावायची ती चढावर, काँक्रीटवर किंवा चिऱ्यांवर. लाल माती सुकी असताना दगडासारखी असते, दोन सरी पडल्या की तिच्यावर चाक जागच्या जागी फिरतं. सोबत दोन जुन्या काथ्याच्या पायपुसण्या ठेवा, फिरणाऱ्या चाकाखाली घातल्या की पकड मिळते. चोर्ला आणि अनमोड घाटांत धुकं आणि दरडी असतात, तिथे रस्त्याकडेला मुक्काम नाही.

ओल्या कपड्यांसाठी गाडीत जागा ठेवू नका, मागच्या दाराला बाहेरून ताडपत्रीची पडवी बांधा. ताडपत्रीची एक बाजू वीतभर तरी खाली हवी, नाहीतर मध्ये पाण्याचं पोट साचतं आणि पहाटे कधीतरी ते अंगावर रिकामं होतं. चामड्याचे पट्टे, चपला, कॅमेऱ्याच्या पिशव्या घरी. कागदपत्रं झिपच्या पिशवीत घालून घट्ट डब्यात. ओल शोषणाऱ्या पुड्या मोठ्या गाडीला पुरत नाहीत, बंद डब्यातच उपयोगी पडतात.

परत आल्यावर, पाऊस असो नसो, किनाऱ्याकडे गेलेली गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा. मडगार्डच्या आतल्या कडा, दरवाज्याखालची पाणी निघायची भोकं, कॅरिअरचे पाय. ती भोकं रेतीने बुजतात आणि दरवाजा आतून सडतो. काडीने मोकळी करा, मग सगळे दरवाजे, खोकी, कॅन उघडे टाकून गाडी दिवसभर उन्हात उभी करा आणि गादीचे तिन्ही तुकडे कुंपणावर टाका, खालची बाजू वर करून.